देहाने दिलेली साक्ष

चैत्र लागला की मलाजखंडच्या भोवतालच्या रानांत पहाटेपासून मोहाची फुले वेचली जातात. तांब्याच्या खाणीच्या या मुलुखात मोहाची दारू परंपरेने चालत आलेली. गोंड-बैगांच्या देवकार्यांतही तिला मान आहे. त्याविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या देहाचा. मग दारू मोहाची असो वा बाटलीतली, आणि पिणारा पाड्यावरचा असो वा आपल्याच वसाहतीतला.

‘कधीमधी घेत असत,’ असे घरची मंडळी लाजेपोटी सांगतात. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना निराळेच दिसते. निरोगी यकृत सुमारे दीड किलोचे व तांबूस-तपकिरी असते. पिणाऱ्याचे यकृत आधी चरबीने फुगून पिवळट होते. पुढे कित्येकांचे आक्रसून कठीण व गाठाळ बनते. १८१९ साली लाएनेक या फ्रेंच वैद्याने त्या पिवळट रंगावरूनच विकाराला ‘सिरॉसिस’ हे नाव दिले. तथापि एकट्या यकृतावरून निकाल देता येत नाही. काविळीचे काही विषाणू आणि स्थूलताही तेच करतात. म्हणून बरगड्याही पाहिल्या जातात. निरनिराळ्या वेळी मोडून आपोआप सांधलेल्या बरगड्या वारंवार पडण्याची नोंद ठेवतात. तळहातांची लाली, छातीवरील कोळ्यासारख्या रक्तवाहिन्या, कानांपुढची सूज ही चिन्हे तर जिवंतपणीच दिसू लागतात. पण पाहतो कोण?

सर्वांत घातक गोष्ट कवटीच्या आत घडते. मेंदू आक्रसतो, त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही तुटतात. बिघडलेल्या यकृतामुळे रक्त लवकर गोठत नाही. ते मेंदूवर साचत जाते, कधी तासांत, कधी आठवड्यांनी. असा माणूस अडखळतो, बरळतो, गुंगीत जातो. आणि भोवतालचे म्हणतात, ‘चढली आहे, झोपू द्या.’ सकाळी तो उठत नाही. आमच्या मते हे मरण दारूइतकेच त्या चार शब्दांचेही आहे.

हाक मारून, हलवूनही जाग येत नसेल, डोक्यास खोक असेल, उलट्या होत असतील किंवा एक बाहुली दुसरीहून मोठी दिसत असेल, तर त्यास कुशीवर वळवावे व तत्काळ रुग्णालयात न्यावे. तेथे किती वर्षे पितो हे खरे सांगावे. रोजची दारू एकाएकी तुटली तरी झटके येऊ शकतात, आणि ती माहिती डॉक्टरांना त्याच रात्री हवी असते.