रोमचा दवंडीवाला, तिगावचा कोटवार

पांढुर्णा जिल्ह्यातल्या तिगावात ग्रामसभेची मुनादी देणारा तो कोटवार. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, काटोलकडे गेलात की तो होतो कोतवाल, आणि मुनादीची होते दवंडी. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन गावांतही हाच माणूस होता, फक्त त्याला म्हणत प्रेको.

त्याचा पगारही आपल्याला ठाऊक आहे! स्पेनमधल्या उर्सो गावाचा इसवीसनपूर्व 44 चा कायदा ब्राँझच्या पत्र्यांवर कोरलेला सापडला. गावच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या माणसांची वर्षाची मिळकत त्यात लिहिली आहे. लिखापढी करणाऱ्याला 1200 सेस्टर्स (रोमन नाणी), निरोप्याला 400, शकुन पाहणाऱ्याला 500 आणि दवंडीवाल्याला 300. आपल्या कोटवाराचं मानधनही तुटपुंजंच, जोडीला काहींना सेवाभूमीचा तुकडा. ज्याच्या हाकेवर सभा भरते, त्याच्या हातावर सगळ्यांत कमी टेकवायचं, हे मला तेव्हाचंही पटत नाही आणि आजचंही.

उर्सोत श्रमदान सक्तीचं होतं. 14 ते 60 वयाच्या पुरुषानं गावच्या बांधकामावर वर्षाला जास्तीत जास्त पाच दिवस राबायचं, बैलजोडीनं तीन दिवस. आणि निवडणुकीला उभं राहणाऱ्यानं जेवणावळी घालायच्या नाहीत. घरी जेवायला बोलवायचंच तर दिवसाला नऊ माणसं, दहावा नाही. हे कलम कुणी आजही लागू केलं तर मी पहिली सही करीन.

रोममध्ये उमेदवार खडूनं पांढराशुभ्र केलेला टोगा घालून मतं मागायचा. पांढऱ्याला लॅटिनमध्ये ‘कान्दिदुस’ म्हणतात, ‘कँडिडेट’ त्यातूनच आला. मध्य प्रदेशात रंग मतपत्रिकेला असतो: पंचाची पांढरी, सरपंचाची निळी, जनपद सदस्याची पिवळी, जिल्हा पंचायतीची गुलाबी. इसवीसन 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईच्या भिंतींवर प्रचाराच्या अडीच हजारांहून जास्त ओळी मिळाल्या. त्यातली एक तर थेट आपल्या संत्र्याच्या मुलखातली वाटते: गावच्या समस्त फळविक्रेत्यांनी होल्कोनियस प्रिस्कसला निवडून द्या म्हणून लिहवून घेतलं होतं.

आता ‘जनपद’ शब्दाकडे या. तिगावचा माणूस ‘जनपदात काम आहे’ म्हणतो, तेव्हा काटोलचा ‘पंचायत समितीत’ म्हणतो. पण हा शब्द आला नागपुरातूनच! मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी तिथं होती, आणि तेव्हाचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या योजनेतून 1948 च्या कायद्यानं तहसिलीगणिक जनपद सभा आल्या. काटोललाही होती. 1 नोव्हेंबर 1956 ला मधून राज्याची सीमा गेली, 1962 मध्ये महाराष्ट्रात पंचायत समित्या आल्या आणि नागपूरकडचे लोक तो शब्द विसरले. आपण जपला. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, तरी जनपद जनपदच आहे.

रोमन गावात दोन मुख्य अधिकारी एका वर्षासाठी निवडले जात, एकानं दुसऱ्याला अडवायचं. मध्य प्रदेशानं त्याहून धीट उपाय काढला: निवडून दिलेल्याला मुदतीआधीच मतदारांनी पायउतार करायचं. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. 2001 मध्ये अनूपपूरला नगराध्यक्षांसाठी असं मतदान झालं आणि लोकांनी खुर्ची रिकामी केली.

पुढची मुनादी ऐकू आली की ग्रामसभेला जा. घरातल्या बायांनाही सोबत न्या.