फौजेच्या वतीने बोलणारा अधिकारी : अर्ज कुठे करायचा?

७ मे २०२५ रोजी दिल्लीत परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांच्या शेजारी बसून कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह यांनी ऑपरेशन सिंदूरची माहिती वार्ताहरांना दिली. तेव्हापासून आमच्या व्यापारी बांधवांकडून एक प्रश्न वारंवार कानी येतो. पारोळ्याच्या बाजारपेठेतही तो निघाला. ‘फौजेच्या वतीने बोलणारी ही नोकरी आपल्या मुला-मुलीला मिळेल काय? अर्ज कुठे करायचा?’ व्यापाराच्या पानावर नोकरीची चर्चा कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण मुलाच्या शिक्षणात घातलेला पैसा हेसुद्धा भांडवलच आहे, आणि ते कुठे घालावे याचा विचार दुकानदाराने करायलाच हवा.

पहिली गोष्ट स्पष्ट करू. कर्नल कुरेशी या जनसंपर्क खात्याच्या नोकर नाहीत. त्या सिग्नल्स कोअरच्या अधिकारी आहेत. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून १९९९ साली त्या चेन्नईच्या अकादमीतून फौजेत दाखल झाल्या. २००६ साली त्यांनी काँगोत संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काम केले. मार्च २०१६ मध्ये आपल्या पुण्यात अठरा देशांच्या सैन्यांचा सराव झाला, तेव्हा भारतीय तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. म्हणजे वार्ताहरांसमोरच्या त्या खुर्चीमागे पंचवीस वर्षांची नोकरी आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात दररोज वार्ताहरांना माहिती देणारे कर्नल बिक्रम सिंग हेही मुळात लढाऊ दलाचेच अधिकारी. पुढे २०१२ साली ते लष्करप्रमुख झाले.

खुर्ची एक, वाटा दोन

संरक्षण मंत्रालयाचे स्वतंत्र जनसंपर्क संचालनालय आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत त्याचे अधिकारी बसतात. वृत्तपत्रांना निवेदने देणे, वार्ताहरांना सरावाच्या जागी नेणे, अफवेचा खुलासा करणे ही त्यांची कामे. या खात्याची परंपरा जुनी आहे, आणि उर्दू जाणणाऱ्या वाचकांना तिचे अप्रूप वाटेल. आजचे ‘सैनिक समाचार’ २ जानेवारी १९०९ रोजी ‘फौजी अखबार’ या नावाने निघाले, आणि त्याची पहिली भाषा उर्दू होती. १९५४ साली त्याचे नाव बदलले. ते मराठीसह अनेक भाषांतून निघाले.

या खुर्च्यांवर दोन प्रकारचे लोक असतात. काही ठिकाणी भारतीय माहिती सेवेचे, म्हणजे मुलकी अधिकारी; काही ठिकाणी गणवेशातले. ‘संरक्षण जनसंपर्क अधिकारी पाहिजे’ अशी सरळ जाहिरात पाहून बारावी झालेल्या किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाने अर्ज करावा, असा हा प्रकार नाही. आधी सेवेत शिरायचे, मग नेमणूक मिळते. नेमणूक कुठे द्यायची हे सरकार ठरवते. माहिती सेवेतल्या माणसाला आकाशवाणी, दूरदर्शन, पत्र सूचना कार्यालय किंवा संरक्षण खाते, कुठेही जावे लागते. हे समजून घेतले तरच पुढचा हिशेब जुळतो.

मुलकी वाट

माहिती सेवेच्या ‘अ’ गटाची भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते. कलेक्टर ज्या परीक्षेतून होतात तीच ही परीक्षा. कोणत्याही शाखेची पदवी चालते. वय २१ ते ३२, सहा वेळा बसता येते. इतर मागासवर्गीयांना ३५ वर्षांपर्यंत नऊ संधी आहेत. पूर्व परीक्षेची फी १०० रुपये, महिलांना तीही माफ.

आपल्या मुलांनी घाबरू नये अशी एक बाब येथे आहे. मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात, उर्दूतही लिहिता येतात, आणि मुलाखतही आपल्या भाषेत देता येते. वैकल्पिक विषय म्हणून मराठी साहित्य आहे, तसेच उर्दू साहित्यही आहे. मात्र इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर किमान उत्तीर्ण व्हावाच लागतो, आणि पूर्व परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. लेखी १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे एकूण २०२५ गुण.

तयारीसाठी दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात २०१० पासून निवासी वर्ग चालतो. अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला यांना तेथे मोफत शिकवतात. प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पत्रकारितेचे शिक्षण घ्यायचे असेल तर १९६५ साली स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेकडे पाहावे. माहिती सेवेचे अधिकारीही तेथेच तयार होतात. या संस्थेने दिल्लीत उर्दू पत्रकारितेचा आणि आपल्या अमरावतीच्या केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू केला.

गणवेशाची वाट

ज्या गावात किल्ला आहे आणि ज्याच्याशी झाशीच्या राणीच्या माहेरच्या तांबे घराण्याचे नाव जोडलेले आहे, त्या पारोळ्याला फौज परकी नाही. बारावीनंतर एन.डी.ए.ची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००, असे लेखी ९०० गुण. तितकेच ९०० गुण निवड मंडळाच्या, म्हणजे एस.एस.बी.च्या मुलाखतीला. फौजेसाठी कला-वाणिज्य शाखेचा मुलगाही बसू शकतो, पण गणिताचा पेपर त्यालाही सुटत नाही. २०२१ पासून मुलींनाही ही परीक्षा खुली झाली. पदवीधरांसाठी सी.डी.एस. परीक्षा आहे. कॉलेजात एन.सी.सी. करून ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवले, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एस.एस.बी.पर्यंत जाण्याचीही सोय आहे.

एस.एस.बी. पाच दिवस चालते. राहणे-जेवण सरकारी, आणि त्या प्रकारच्या भरतीला पहिल्यांदाच जात असेल तर रेल्वेभाडेही मिळते. तेथे चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात. साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचे. साठ अडचणीचे प्रसंग, अर्धा तास, काय कराल ते सांगायचे. मग मैदानावर गटाने ओझे पलीकडे न्यायचे. पाठांतर येथे चालत नाही. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मुलगा अशा कामात कच्चा नसतो. रागावलेले गिऱ्हाईक शांत करणे, माल उशिरा आला तर वाट काढणे, एकाशी अहिराणीत, दुसऱ्याशी उर्दूत, तिसऱ्याशी मराठीत बोलणे हे तो रोज करतो. त्याला फक्त मोकळेपणाने, चारचौघांत, इंग्रजीतून बोलण्याचा सराव हवा.

तयारीची सरकारी सोय आपल्या राज्यात आहे, पण ती आपल्या लोकांना फारशी माहीत नाही. छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीनंतरच्या मुलांना ती एन.डी.ए.साठी तयार करते. अर्ज दहावीच्या वर्षातच करावा लागतो. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ साली नाशिकला सुरू झाली. लेखी परीक्षा पास झालेल्यांसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे एस.एस.बी.चा वर्ग, राहणे आणि जेवण मोफत. चौकशी जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

कागद आधी, अभ्यास बरोबरीने

आपल्या मुलांची गाडी कागदावर अडते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’ एका स्पेलिंगचा, आधारवर दुसऱ्या. बापाचे नाव एकीकडे पूर्ण, दुसरीकडे अर्धे. आयोगाच्या अर्जात दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि जन्मतारीखच धरली जाते. म्हणून मूल नववीत असतानाच शाळेतली नोंद तपासून घ्या.

दुसरा कागद जातीचा. मोमीन-अन्सारी, पिंजारी अशा कारागीर बिरादऱ्या इतर मागासवर्गात येतात. नागरी सेवा परीक्षेत त्याचा लाभ मिळतो, पण दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला आणि नॉन-क्रिमीलेअरचा लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला जोडून चालत नाही. एन.डी.ए., सी.डी.एस.मध्ये मात्र जातीवर राखीव जागा नाहीत. तेथे सर्वांना एकच माप.

दलालाला दमडी देऊ नका

फौजेच्या नावावर पैसे उकळणारे सर्वत्र फिरतात. ‘आमची वरपर्यंत ओळख आहे, अमुक लाख द्या’ असे म्हणणारा माणूस भेटला की समजावे, हा ठग आहे. एस.एस.बी.त मानसतज्ज्ञ, मैदानाचा अधिकारी आणि मुलाखत घेणारा हे तिघे वेगवेगळे गुण देतात. त्यात बाहेरच्या माणसाचा हात चालत नाही. घर, दागिना किंवा माल गहाण ठेवून दिलेला पैसा परत येत नाही, आणि लाच दिल्याचा डाग मुलावर राहतो तो वेगळा. खऱ्या परीक्षेची फी किती, ते आम्ही वर सांगितलेच आहे.

खरा खर्च वेळेचा आहे. नागरी सेवा परीक्षेत दरवर्षी लाखो मुले बसतात आणि थोडीच निवडली जातात. म्हणून उधारीला जशी मुदत घालतो तशी येथेही घाला. पदवीनंतर तीन वर्षे, असे घरात आधीच ठरवावे. त्या काळात मुलाने सकाळचे दोन तास दुकानावर बसायला हरकत नाही. पण सीझनमध्ये त्याला आठ-आठ दिवस अभ्यासातून उठवू नये. मुदतीत झाले नाही तर वृत्तपत्र, आकाशवाणी, जाहिरातीचा धंदा किंवा घरची पेढी आहेच. तीन वर्षे वाचलेले, लिहिलेले, बोललेले वाया जात नाही. जीएसटीच्या नोटिशीला नीट उत्तर लिहिणारा मुलगा घरात असणे हीही कमाई आहे.

मुलीच्या बाबतीत आणखी एक सांगावेसे वाटते. फौजेने महिला अधिकाऱ्यांची भरती १९९२ साली सुरू केली आणि सातच वर्षांत सोफिया कुरेशी तेथे पोहोचल्या. आपल्या वस्तीत बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या मुली कमी नाहीत. त्यांचे अर्ज कोण भरणार, एवढाच प्रश्न आहे.

देशावर संकट असताना फौजेच्या वतीने जो बोलतो, त्याच्या शब्दावर सारा देश विश्वास ठेवतो. तो शब्द वजनात कमी नसावा आणि फुगवलेलाही नसावा. खरे माप देणे हा तर व्यापाऱ्याचा धर्मच. ज्या घरात मुलाने लहानपणापासून बापाला तराजू सरळ धरताना पाहिले, त्या घरातून असा अधिकारी का निघू नये? पारोळ्यातल्या व्यापारी बांधवांनी या वर्षी आपल्या मोहल्ल्यातली दहावी-बारावीची मुले-मुली मोजावीत, त्यांचे दाखले तपासावेत आणि एकाला तरी जळगावच्या कार्यालयात घेऊन जावे. एस.टी.च्या भाड्यापेक्षा जास्त खर्च येणार नाही.