खजुरीच्या मेंबरचं मत, बेंगळुरूची खुर्ची

आळंदहून उमरग्याच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्राची हद्द यायच्या आधी खजुरी लागतं. इथल्या ग्रामपंचायतीच्या मेंबरला आमदार निवडायचा हक्क दोनदा मिळतो. एकदा सगळ्या गावासोबत विधानसभेसाठी, आणि एकदा मेंबर म्हणून, कलबुर्गी-यादगीर स्थानिक संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेसाठी. या दुसऱ्या मतदानात बटण दाबायचं नसतं. केंद्रावर मिळालेल्या जांभळ्या पेनाने नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे घालायचे असतात.

कर्नाटकच्या परिषदेत 75 जागा. त्यांतल्या 25 स्थानिक संस्थांच्या, 25 विधानसभेच्या आमदारांनी निवडायच्या, पदवीधर आणि शिक्षकांच्या सात-सात, उरलेल्या 11 राज्यपालनियुक्त. सहा वर्षांची मुदत, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त. विधानसभा मात्र एका निकालात पालटते. मे 2023 मध्ये काँग्रेसने 224 पैकी 135 जागा जिंकल्या, तरी परिषदेत भाजप आणि जनता दलाचं संख्याबळ कायम राहिलं. सरकार एकाचं, वरचं सभागृह दुसऱ्याचं. अशा वेळी सगळा भार सभापतींच्या खुर्चीवर येतो.

तो भार खुर्चीला पेलला नाही, असा दिवस 15 डिसेंबर 2020. तेव्हा उलटं चित्र होतं: सरकार भाजपचं, सभापती काँग्रेसचे प्रतापचंद्र शेट्टी. त्यांच्यावरचा अविश्वास ठराव चर्चेला येत नव्हता आणि गोहत्याबंदीचं विधेयक परिषदेत अडकलं होतं. त्या दिवशी घंटा वाजत असतानाच, शेट्टी आत येण्यापूर्वी, उपसभापती एस. एल. धर्मेगौडा खुर्चीवर बसले. काँग्रेसच्या सदस्यांनी त्यांना धरून खाली ओढलं. सभापतींनी ज्या दाराने यायचं, ते दुसऱ्या बाजूच्या सदस्यांनी अडवून धरलं होतं. मार्शल मधे पडले आणि सभागृह तहकूब झालं. महिना संपायच्या आत धर्मेगौडा यांचं निधन झालं. त्या दिवसाचा दोष मी एकाच बाकावर टाकणार नाही. सभापतींना दाराशी रोखणं आणि उपसभापतींना खुर्चीवरून ओढणं, दोन्ही सारखंच लाजिरवाणं होतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये शेट्टी पायउतार झाले आणि जनता दलाचे बसवराज होरट्टी सभापती झाले. 1980 पासून ते शिक्षक मतदारसंघातून सलग निवडून येत आहेत. 2022 मध्ये ते भाजपमध्ये गेले. मेपासून डिसेंबरपर्यंत हंगामी सभापती म्हणून बसले ते बिदरचे रघुनाथराव मलकापुरे. आमच्या भागाला त्या खुर्चीचा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद आहे. डिसेंबरात होरट्टी परतले आणि काँग्रेसचं सरकार आल्यावरही खुर्चीवर राहिले.

परिषदेच्या हातात असतं काय? मुख्यतः वेळ. अर्थविधेयक ती 14 दिवसच ठेवू शकते. साधं विधेयक पहिल्यांदा तीन महिने, विधानसभेने पुन्हा पाठवलं तर एक महिना. त्यापुढे विधानसभेचाच शब्द अखेरचा. संसदेसारखी संयुक्त बैठक राज्यात नाही. 23 फेब्रुवारी 2024 ला मंदिरांच्या उत्पन्नाचं विधेयक परिषदेत आवाजी मतदानाने पडलं. एक कोटीवर उत्पन्न असलेल्या देवस्थानांकडून दहा टक्के घेऊन ते छोट्या मंदिरांसाठी वापरायचे, अशी त्यात तरतूद होती. 29 तारखेला विधानसभेने ते पुन्हा मंजूर केलं. सहा दिवसांची अडवणूक, असं कुणी म्हणेल. मला त्या सहा दिवसांचं मोल वाटतं, कारण विधेयकात नेमकं काय आहे यावर राज्यभर बोलणं त्याच काळात झालं.

सीमेपलीकडे महाराष्ट्रात जुलै 2022 मध्ये सभापती रामराजे नाईक निंबाळकरांची मुदत संपली. डिसेंबर 2024 मध्ये राम शिंदे येईपर्यंत परिषदेला सभापतीच नव्हते. उपसभापती नीलम गोऱ्हे काम पाहत होत्या. भांडणाची खुर्ची वाईट, पण इतका काळ रिकामी खुर्ची त्याहून वाईट.

आणि इकडे कर्नाटकात मतदारच गळतो आहे. जिल्हा आणि तालुका पंचायतींची मुदत 2021 मध्ये संपली, निवडणुका लांबत गेल्या. त्यामुळे डिसेंबर 2021 मध्ये परिषदेच्या स्थानिक संस्थांच्या 25 जागांसाठी मतदान झालं, तेव्हा या पंचायतींचे सदस्य यादीत नव्हतेच. खेड्यांच्या वतीने ते जांभळं पेन हातात घ्यायला फक्त ग्रामपंचायतीचे मेंबर होते.