मूळ राहू द्या, ठसा न्या

नंदुरबारच्या गणपती कारखान्यांत पावसाच्या कितीतरी आधीपासून प्लास्टरचा पांढरा धुरळा उडायला लागतो. इथल्या मूर्ती गुजरात, मध्य प्रदेशातही जातात. त्यामागचं तंत्र बघण्यासारखं आहे. मूळ मूर्ती एकच, हाताने घडवलेली. तिच्यावर पातळ रबराचे थर एकावर एक द्यायचे, ते वाळले की बाहेरून प्लास्टरचं कडक कवच चढवायचं. मग कवच दोन भागांत उघडतं आणि आतलं रबर पायातल्या मोज्यासारखं सोलून निघतं. सोंडेच्या वळणाखाली, मोदक धरलेल्या हाताच्या बेचक्यात कडक साचा अडकून बसला असता. रबर तिथून वाकून सुटतं. पुढे या पोकळ साच्यात प्लास्टर आणि काथ्या भरला की गणपती तयार.

गणपतीच्या जागी एखादी सापडलेली वस्तू ठेवा, म्हणजे जुना फाळ, फुटकं जातं, दाराची चौकट. तिचा साचा घ्या, प्रती ओता आणि त्या एका विशिष्ट जागेसाठीच मांडा. मांडणशिल्प करणारे शिल्पकार हेच करतात. एका जागेसाठी केलेलं काम दुसरीकडे नेलं की त्याचा अर्थच पातळ होतो.

वस्तूच का मांडू नये, हा प्रश्न रास्त आहे. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, नंतर ते ब्राँझमध्ये ओतून घेतलं. चामडं आणि लोखंड वेगवेगळं दिसत होतं तोवर सायकल आठवायची. सगळा एकच धातू झाला आणि बैल पुढे आला. ओतकाम वस्तूचा उपयोग काढून घेतं, आकार मात्र ठेवतं. पण नंदुरबारसारख्या जिल्ह्यासाठी मला दुसरं कारण जास्त मोलाचं वाटतं. ठसा घेतला की मूळ वस्तू उचलून न्यावी लागत नाही.

याचं उत्तम उदाहरण मुंबईत आहे. १९३१ मध्ये परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चालू असताना जमिनीखालून सुमारे साडेतीन मीटर उंचीचं शिवाचं शिल्प निघालं. एकाच शिळेत एकातून एक उमलत जाणाऱ्या सात शिवाकृती, बाजूला गण. लोकांनी ते बारादेवीच्या देवळात नेलं, तिथे आजही त्याची पूजा होते. मुंबईच्या संग्रहालयाने मूळ शिल्प हलवलं नाही, प्लास्टरची प्रत करून घेतली. अभ्यासकाला प्रत मिळाली, परळकरांचा देव परळातच राहिला. महाराष्ट्रातल्याच दायमाबाद या गावी नेमकं उलट झालं. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशी चार ओतीव शिल्पं सापडली. इतका मोलाचा ठेवा गावात ठेवणं शक्यच नव्हतं. तिथे प्रतीने उलटा प्रवास करायला हवा, मूळ संग्रहालयात आणि ठसा गावात.

आता नर्मदेच्या काठी या. सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. १९९३च्या पावसाळ्यात मणिबेलीत घरं पाण्याखाली गेली. योगायोग असा की त्याच वर्षी पूर्व लंडनमध्ये रेचल व्हाइटरीड या शिल्पकर्तीने पाडायला काढलेल्या एका घराच्या आत काँक्रीट फवारलं आणि मग बाहेरच्या भिंती उतरवल्या. उरली ती खोल्यांच्या आतली पोकळी, घट्ट झालेली. जिन्याचे, खिडक्यांचे, शेगडीच्या कोनाड्याचे ठसे उलटे उमटलेले. तिथल्या नगर परिषदेने जानेवारी १९९४ मध्ये ते शिल्पही पाडून टाकलं. मणिबेलीच्या घरांचा असा ठसा कोणी घेतला असता तर, असं मनात येतंच. पण तेव्हा तिथे पोलीस आणि बोटी होत्या. साचे घेऊन कोण जाणार?

काठावरच्या पाड्यांत तशी घरं अजून आहेत. सागाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणामातीचं लिंपण. लिंपणात बायकांच्या बोटांच्या कमानी उमटलेल्या असतात. अशा भिंतीचा ठसा घ्यायचा तर सिलिकॉन रबर थेट लावणं धोक्याचं, कारण सच्छिद्र मातीला ते चिकटून बसतं आणि सोलताना पापुद्रा घेऊन निघतं. ओलं प्लास्टर तर नकोच, भिंतच विरघळेल. त्यापेक्षा भिंतीवर शंखजिऱ्याची भुकटी हलकेच फडक्याने लावावी आणि घट्ट मळलेल्या शाडूच्या जाड लाद्या तळहाताने दाबत जावं. थोडं थांबून लादी सरळ मागे ओढली की बोटांच्या खाचांचे तिच्यावर उंचवटे झालेले दिसतात. आडव्या फळीवर ठेवून तिच्यात प्लास्टर ओतलं की उंचवट्यांच्या पुन्हा खाचा होतात. बारकावा रबराइतका येत नाही. पण भिंत शाबूत राहते आणि घरातल्या बाईला दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंपायला बसावं लागत नाही.

कशात ओतायचं हा प्रश्न त्याहून अवघड. प्लास्टर सातपुड्याच्या एका पावसात ढासळेल. फायबरग्लास उन्हाने करपतं. ब्राँझ टिकतं, पण त्याची वाट लांबची: रबरी साच्यातून मेणाची प्रत, तिला धातू आत यायला आणि हवा बाहेर जायला मेणाच्याच नळ्या, वरून प्लास्टर आणि विटांच्या भुकटीचं जाड कवच, भट्टीत मेण जाळून काढणं, मग सुमारे ११०० अंश सेल्सिअसचा रस. थंड होताना धातू आकसतो, म्हणून प्रत मुळापेक्षा किंचित लहान येते. शिवाय रानात एकटं उभं असलेलं ब्राँझ भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर जायला वेळ लागत नाही.

साहित्य निवडताना वस्तूचा स्वभावही पाहावा. इथे होळीला लोक कमरेला वाळके भोपळे बांधून नाचतात. त्यांचा सगळा जीव हलकेपणात आणि आवाजात. ब्राँझचा भोपळा करणं मला तरी चुकीचं वाटतं. कुडाच्या भिंतीला मात्र काँक्रीट चालेल. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेली जमीन उघडी पडते. त्या उतारावर ओतीव भिंतींचे तुकडे उभे केले, तर वर्षातले काही महिने ते पाण्याखाली जातील, गाळाने माखतील, पुन्हा वर येतील. गॅलरीत हे जमणार नाही.

परवानगीचं काम मात्र साच्याआधीचं. वाघदेवाच्या कोरीव खांबाला शाडू लावायचा की नाही, हे शिल्पकाराने ठरवायचं नाही. पुजारा आणि गाव ठरवेल, आणि नाही म्हणाले तर विषय संपला. आदिवासी भागांसाठीच्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार दिला आहे, तेव्हा ठराव घेणं अवघड नाही. त्या ठरावात एक ओळ हमखास असावी: काम झाल्यावर साचा कोणाकडे राहणार. एका चांगल्या रबरी साच्यातून कित्येक प्रती निघतात. पहिली प्रत नर्मदेकाठी आणि उरलेल्या शहरातल्या दालनात विक्रीला, असं करायचं असेल तर ते गावाला आधी सांगावं आणि पैशाचा वाटाही तिथेच लिहून द्यावा. नसेल करायचं, तर साचा गावासमोर कापून टाकावा.