मझौलीत श्रावण आधी लागतो (ऋतू आणि काळ : लेखांक ६)

मागच्या लेखांकात अधिक महिन्याचे गणित पाहिले. आज जबलपूर जिल्ह्यातल्या मझौलीकडे वळू. कलचुरी काळातल्या विष्णुवराहाचे हे गाव. आषाढी पौर्णिमा उलटली की दुसऱ्याच दिवशी इथे सावन सुरू होतो. महाराष्ट्रात तेव्हा आषाढाचा वद्य पक्ष लागलेला असतो, श्रावणाला आणखी पंधरा दिवस असतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला, एवढेच त्याचे कारण.

राखी दोन्हीकडे एकाच दिवशी, पण मझौलीत ती सावनची अखेर, आपल्याकडे श्रावणाचा मध्य. दुसऱ्या दिवशी तिकडे टोपल्यांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब, म्हणजे कजलियां, पाण्यावर नेतात. भादों तिथून सुरू. आपला पोळाही त्यांच्या लेखी भादोंच्या अमावास्येला. जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना त्यामुळे दोन श्रावण भेटतात, एक शेजारचा आणि एक भिंतीवरच्या पंचांगातला. फरक केवळ तिथींचा नाही. आपण ज्या मुसळधारेला आषाढाची म्हणतो तिचा बराच भाग तिकडे सावनच्या खाती जमा होतो, आणि ऊनपावसाच्या खेळाचे उरलेले दिवस भादोंच्या.

शेताला हा घोळ चालत नाही. ते सूर्यनक्षत्रांवर चालते आणि ती दोन्हीकडे एकच. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते. तिथले पहिले नऊ दिवस म्हणजे नौतपा. ते तापले की पाऊस चांगला, असा समज आहे. (अख्खा पावसाळा नऊ दिवसांच्या उन्हावर ठरत नाही, हे खरे, पण वाट पाहायला काहीतरी खूण लागतेच.) ७-८ जूनला मृग. कोकणात त्याला मान मोठा, पण जबलपूरकडे मोसमी वारे साधारण जूनच्या उत्तरार्धात पोचतात, म्हणून खरी आशा २१-२२ जूनच्या आर्द्रेवर.

ही नक्षत्रेही ऋतूंना कायमची बांधलेली नाहीत. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे नक्षत्रांच्या तारखा साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढे जातात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने नोंदवले आहे की दक्षिणायन पूर्वी आश्लेषेच्या मध्यावर होत असे, आता कर्केच्या आरंभी होते. आज ते आर्द्रेच्या उंबरठ्यावर आले आहे. म्हणजे त्याच्या काळी मृग मेच्या मध्यावरच लागत असणार, भर उन्हाळ्यात.

एवढा संथ बदल कोणाच्या आयुष्यात जाणवत नाही. कूपनलिकेने केलेला मात्र एका पिढीत जाणवला. पूर्वी गहू निघाला की लग्ने उरकायची, छपराचे खपरे फेरायचे, पावसाची वाट पाहायची. आता पाणी असेल तिथे लगेच उन्हाळी मूग पेरतात. ज्याच्या रानात शेंगा उभ्या आहेत त्याला मृगाची सर नको असते. बांधापलीकडे धानाचे रोप टाकून बसलेला त्याच सरीसाठी आभाळाकडे पाहत असतो.