पिकांचे शत्रू (लेखांक सहावा) : पंख नसलेला नाकतोडा

गेल्या लेखांकात आपण टोळधाडीचा विचार केला. २०२० सालच्या मे महिन्यात विदर्भात उतरलेल्या टोळांसारखे जे अरिष्ट वाऱ्याबरोबर देशोदेशींच्या सरहद्दी ओलांडून येते, त्याचा बंदोबस्त एका गावाच्या आवाक्यातला नव्हे. ते काम सरकारचेच. आज ज्याचा परिचय करून घ्यावयाचा तो कीटक नेमक्या उलट प्रकृतीचा आहे. तो दख्खनच्या पठाराचा कायमचा रहिवासी असून ज्वारीवर पोसतो आणि जन्मभर पंखांवाचून राहतो.

१९१० साली बोलिव्हार या स्पॅनिश कीटकशास्त्रज्ञाने त्याचे 'कोलेमानिया' असे नामकरण केले, ते म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांच्या गौरवार्थ. आणि या किडीचा जीवनक्रम बारकाईने तपासून प्रसिद्ध करण्याचे श्रेयही कोलमन यांच्याकडेच जाते.

तो जीवनक्रम ध्यानी घेतल्यास उपाय आपोआप सुचतात. पावसाळा सरताना मादी जमिनीत अंड्यांचे पुंजके घालते. ती अंडी हिवाळा व उन्हाळा मातीतच काढतात, आणि मृगाच्या पावसाने जमीन भिजली की कोवळ्या खरीप ज्वारीवर पिल्ले तुटून पडतात. वर्षातून पिढी एकच. अशी पायी चालणारी कीड अन्यत्रही आढळते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात ज्वारी-बाजरीच्या दुधाळ कणसांवर चढणारे, लांब मिशांचे व चिलखती अंगाचे झुडपी नाकतोडे कुळाने निराळे, परंतु तेही उडू न शकणारे, रानगवतातून चालत शेतात शिरणारे. म्हणून तेथे शेताभोवती चर खणून त्यांची वाट अडवितात.

आपल्याकडे पहिला उपाय पीक निघाल्यावरच्या खोल नांगरटीचा. तिच्यामुळे अंडी उघडी पडून उन्हाने वाळतात व पाखरांच्या भक्ष्यस्थानी पडतात. दुसरा उपाय पिल्ले लहान असतानाच कापडी झोळ्या पिकावरून ओढून ती गोळा करून मारण्याचा, आणि तिसरा बांधावरचे गवत वेळच्या वेळी काढण्याचा. दुसऱ्या महायुद्धानंतर बीएचसी या कीटकनाशक भुकटीची धुरळणी सोपी वाटल्यामुळे हे कष्टाचे उपाय मागे पडले. पण माती व अन्न दूषित करणाऱ्या त्या द्रव्यावर १९९७ साली आपल्या देशात बंदी आली, आणि जुन्या मशागतीचे मोल पुन्हा प्रत्ययास आले.

एका शेतकऱ्याने नांगरट करावी आणि शेजाऱ्याने जमीन पडीक ठेवावी, तर बांध ओलांडून येणाऱ्या पिल्लांपुढे पहिल्याचे श्रम व्यर्थ ठरतात. उलट सारा शिवार एकजुटीने साफ झाला, तर दूरवरून उडत येऊन तो पुन्हा व्यापण्याची शक्ती या किडीत नाही. आणि अंडी घालण्यापूर्वी मारलेली प्रत्येक मादी पुढील सालची पैदास घटविते. म्हणून ग्रामसभेने उन्हाळ्याच्या आरंभीच नांगरटीचा निर्णय घ्यावा, आणि ज्याच्यापाशी बैल वा ट्रॅक्टर नाही त्याचे शेत गावाने नांगरून द्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

पुढील सप्ताही : मावळच्या भातखाचरांतील नाकतोडे.