बलुते आणि भाव

पुण्यात अलीकडे 'शेतकरी ते ग्राहक' अशा आठवडे बाजारांची बरीच चर्चा होते. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळे-भाजीपाल्याच्या व्यवहारावरचे नियमन उठविले आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची योजना आणली. मधला दलाल दूर झाला की पिकविणाऱ्याला न्याय मिळेल, हा त्यामागचा विचार. तो चूक नाही, अपुरा आहे. बाजार ही जशी आर्थिक संस्था आहे तशीच ती सामाजिक संस्थाही आहे, हे मला येथे मांडावयाचे आहे.

पुण्याच्या मंडईचाच इतिहास पाहा. १८८६ साली उघडलेल्या या इमारतीला गव्हर्नरच्या नावावरून 'रे मार्केट' म्हणत. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. अशा खर्चिक इमारतीला त्यांचा विरोध होता. तो पैसा बहुजनांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्यांनी गाडीभर माळवे घेऊन शहरात आलेल्या माळ्याचा हिशेब मांडला आहे. गाडीभाडे गेले, म्युनिसिपालिटीची जकात गेली, मग त्याच्या पदरात काय उरले? पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. नाव बदलले, पण जोतीरावांचा हिशेब अजून चुकता झालेला नाही.

आमच्या दृष्टीने हा हिशेब आणखी एक पायरी खाली न्यावा लागतो. शेतकऱ्याला निदान भाव पडल्याची तक्रार तरी करता येते. मातंगाच्या दोराला, चर्मकाराच्या मोटेला, कुंभाराच्या गाडग्याला गावगाड्यात भावच नव्हता. होते ते बलुते. सुगीच्या वेळी खळ्यावर जायचे आणि मालक टाकील तेवढे धान्य पदरात घ्यायचे. बलुते हा उपकार असतो आणि भाव हा हक्क असतो. उपकार करणारा माणूस वर राहतो, घेणारा खाली. भाव ठरविताना मात्र दोघांना समोरासमोर उभे राहावे लागते. कारागिराने स्वतःच्या वस्तूची किंमत स्वतः सांगणे ही म्हणूनच नुसती विक्री नव्हे, ती गावगाड्याविरुद्धची कृती आहे.

आता 'स्थानिक शेतकरी' या शब्दाकडे वळू. सातबाऱ्यावर ज्याचे नाव तोच शेतकरी, अशी व्याख्या केली तर खुरपणी करणारी, तोडणी करणारी भूमिहीन बाई बाजारातून आपोआप बाद होते. १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी जो सत्याग्रह केला, त्यातला जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही. तो तसाच ठेवून उभारलेला बाजार जमीनवाल्यांपुरता राहील.

दुसरा अडसर हातांचा आहे. पालेभाजी कोणाकडूनही घेतली जाते. पण भाकरी, लोणचे, दूध विकत घेताना आडनाव विचारणारे अजून आहेत. येथे मला पुण्यातीलच एक उदाहरण महत्त्वाचे वाटते. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. नफा हा हेतू न ठेवता श्रमिकांना स्वस्त, पोटभर अन्न द्यायचे आणि कष्टकरी बायांना हक्काचे काम द्यायचे, असा तो उपक्रम. ओझे वाहणाऱ्यांनी उभारलेले हे केंद्र म्हणजे बाजाराची एक वेगळी कल्पनाच आहे. भाकरी कोणाच्या हातची, या प्रश्नाला तेथे थारा राहत नाही.

तेव्हा बाजार उभारू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांनी छप्पर आणि ओटे यांच्या आधी काही गोष्टी ठरवाव्यात. जागावाटपात भूमिहीन आणि कारागीर यांचा वाटा आधीच राखून ठेवावा, आणि त्यांची जागा दाराशी असावी, कडेला नव्हे. व्यवस्थापन समितीत विकणाऱ्या बाया आणि हमाल असावेत. वजनकाटा सर्वांना दिसेल असा असावा. जागेचे भाडे रोजच्या विक्रीला झेपेल एवढेच असावे. कच्चा माल घेण्यासाठी सावकाराकडे जावे लागू नये म्हणून सभासदांची छोटी पतपेढी असावी; नाहीतर दलाल पुढच्या दाराने जाईल आणि मागच्या दाराने परत येईल.

शिक्षक आणि विद्यार्थी यांनाही येथे काम आहे. हिशेब लिहिणे, वाचून दाखविणे, शिकविणे हे ते करू शकतात. जोतीरावांनी मंडईपेक्षा शाळा महत्त्वाची मानली. ज्या बाजारात विकणारी बाई स्वतःचा हिशेब स्वतः लिहील, तेथे हा विरोध उरणार नाही.